फाशीच्या शिक्षेविरुद्ध चौकात उभं राहणं हा कोर्टाचा अपमान आहे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. एका खटल्यात झालेल्या फाशीच्या शिक्षेविरुद्ध काही संघटना कोल्हापूरच्या बिंदू चौकात मूक निदर्शनं करणार आहेत आणि तुम्हाला मैत्रिणीबरोबर जायचंय. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले तुमचे काका म्हणतात, "कोर्टानं शिक्षा दिली, विषय संपला. त्यावर रस्त्यावर उतरायचं म्हणजे कायद्याचं राज्य मानायचं नाही." त्यात तुम्ही एमपीएससीची तयारी करताय, त्यामुळं गुन्हा दाखल झाला तर पुढं काय, ही धास्ती आहेच. खटल्याचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, ते बरं केलंत. नाव न घेताच यावर नीट बोलता येईल.

मी कोल्हापुरात २६ वर्षं फौजदारी वकिली करते. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं, काही वेळा मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांच्या मदतीला. फाशीची मागणी झालेले खटले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लढवले, पण त्यातला एकही विसरलेला नाही. कोर्टाच्या गेटवर "फाशी द्या" म्हणणारी गर्दी मी पाहिली आहे आणि "फाशी नको" म्हणणारीही. दोन्ही गर्दींतून काळा कोट सावरत आत गेले आहे. जे लिहिते ते त्या अनुभवातून.

काकांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. निकाल पटला नाही म्हणून तो धुडकावायला लागलो तर उद्या कुणाचाच निकाल टिकणार नाही. पण "विषय संपला" हे मात्र खुद्द कायदाच मानत नाही. सेशन्स कोर्टानं जन्मठेप दिली तर ती लगेच भोगायला सुरुवात होते आणि अपील करायचं की नाही हे आरोपी ठरवतो. फाशीचं तसं नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६६ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४०७ आहे. सेशन्स कोर्टानं फाशी सुनावली की खटल्याचे कागद हायकोर्टाकडं पाठवावेच लागतात आणि हायकोर्टाची मंजुरी मिळेपर्यंत शिक्षा अमलात आणता येत नाही. आरोपीनं अपील केलं नाही, "मला मरायचंय" म्हणाला, तरीही. किमान दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पहिल्यापासून वाचतात. शिक्षा योग्य आहे का एवढंच बघून ते थांबत नाहीत, गुन्हा शाबीत झालाय का हेही तपासतात आणि वाटलं तर माणसाला निर्दोष सोडतात. फाशी देणारे सेशन्स जज आपल्या निकालपत्रातच लिहितात की ही शिक्षा हायकोर्टाच्या मंजुरीच्या अधीन आहे.

त्यानंतर सुप्रीम कोर्ट. तिथल्या फेरविचार याचिकेची सुनावणी फाशीच्या प्रकरणात २०१४ पासून खुल्या कोर्टात, किमान तीन न्यायमूर्तींसमोर होते. मग राज्यपालांकडं कलम १६१ खाली आणि राष्ट्रपतींकडं कलम ७२ खाली दयेचा अर्ज. एवढ्या पायऱ्या कायद्यानं उगीच ठेवलेल्या नाहीत. मुंबईतल्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात विशेष कोर्टानं २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सुप्रीम कोर्टानं तीनच दिवसांत सांगितलं आणि पुढची लढाई तिथं आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की खालच्या कोर्टातल्या फाशीबद्दल शंका घेणं ही कायद्याबाहेरची गोष्ट नाही. शंका घेण्याचं काम कायद्यानंच हायकोर्टाला नेमून दिलं आहे.

मग निदर्शनं करायला हरकत नाही, असं म्हणून मी थांबू शकले असते. पण माझ्या मते अडचण पुढंच आहे. निदर्शनं कुणाला उद्देशून आहेत?

लोकांचं ऐकणं हे सरकारचं काम आहे. आमदार-खासदारांनी लोकमत ऐकावं म्हणूनच आपण त्यांना निवडून देतो. फाशीची शिक्षा कायद्यात ठेवायची की काढायची हे संसदेनं ठरवायचं असतं. दयेच्या अर्जावर राज्यपाल आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं निर्णय घेतात, म्हणजे तिथंही शेवटी सरकारच आहे. या सगळ्यांपुढं हजार माणसं उभी राहिली तर त्यांनी ती मोजावीत, त्यांचं म्हणणं वाचावं. न्यायाधीशाचं उलट आहे. समोरच्या कागदांवर जे आहे तेवढंच त्यानं बघायचं, बाहेर किती माणसं आहेत हे त्यानं मोजायचंच नाही. बचनसिंग खटल्यात १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं फाशी घटनेत बसते असं चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं आणि ती दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच द्यावी असं बंधन घातलं. न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी मोर्चाचा रस्ता आधी विचारते. बिंदू चौकातून निघून जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊन सरकारला निवेदन देणार असाल तर मी स्वतः येईन. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलाच्या गेटवर किंवा सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोर उभं राहणार असाल तर येणार नाही, तुमच्या मागणीशी शंभर टक्के सहमत असले तरीही. त्या जुन्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं. आपल्याकडं दसरा चौक ही आंदोलनाची जुनी जागा आणि ती तिथून हाकेच्या अंतरावर. पूर्वी तिथल्या घोषणा मुंबईच्या हायकोर्टाच्या कानावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. आता सहा जिल्ह्यांची प्रकरणं त्या इमारतीत चालतात. याचं भान आंदोलकांना अजून पुरतं आलेलं नाही असं मला दिसतं.

ही माझी सोवळेपणाची अट नाही. एक गोष्ट सांगते. बरीच वर्षं झाली, एका लहान मुलाच्या खुनाचा खटला होता आणि मी आरोपीची वकील होते. साक्षीच्या दिवशी गेटवर फलक घेऊन गावातली शे-दीडशे माणसं. सरकार पक्षाची एक साक्षीदार, शेजारची बाई, तिनं पोलिसांना दिलेल्या जबाबात संध्याकाळी सहाला आरोपीला पाण्याच्या टाकीपाशी पाहिल्याचं होतं. ती वेळ आमच्या बाजूची होती. उलटतपासात मी तेवढंच विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "वेळ आठवत नाही." निकालानंतर दोन वर्षांनी ती मला मंडईत भेटली. स्वतःहून जवळ आली आणि म्हणाली, "वकीलबाई, त्या दिवशी गेटवर आमच्या जावेच्या माहेरची सगळी माणसं उभी होती. मी खोटं बोलले नाही, पण सगळं बोलले नाही." गर्दीचा परिणाम न्यायाधीशावर होतो की नाही यावर वाद घालता येईल. साक्षीदारावर तो होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवशीची गर्दी फाशी मागणारी होती. फाशी नको म्हणणारी असती तरी दुसऱ्या कुणी साक्षीदारानं अशीच मान खाली घातली असती.

दोन्ही बाजूंना एकच माप लावायला हवं, हे मला बांगलादेशातल्या २०१३ सालातून सर्वांत स्पष्ट दिसलं. १९७१ च्या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी ढाक्यात खास न्यायाधिकरण बसलं होतं. फेब्रुवारीत त्यानं जमात-ए-इस्लामीचे नेते अब्दुल कादिर मोल्ला यांना जन्मठेप दिली. फाशी का नाही, म्हणून शाहबाग चौकात प्रचंड जनसमुदाय जमला. शिक्षा वाढवून मागण्यासाठी सरकारला अपील करता यावं म्हणून दोन आठवड्यांच्या आत कायदा बदलला गेला, तोही मागच्या तारखेपासून. सप्टेंबरमध्ये वरच्या कोर्टानं जन्मठेपेची फाशी केली आणि १२ डिसेंबरला ती अमलातही आली. त्याच वर्षी, २८ फेब्रुवारीला, त्याच पक्षाचे दिलावर हुसेन सईदी यांना फाशी सुनावली गेली तेव्हा त्यांच्या समर्थकांनी देशभर हिंसाचार केला. कित्येक माणसं मेली, त्यांत पोलीसही होते. पुढं २०१४ मध्ये वरच्या कोर्टानं त्यांची फाशी जन्मठेपेवर आणली. त्या कोर्टानं ती कागद बघूनच कमी केली असेल. पण रस्त्यावर रक्त सांडल्यावर ते कुणाला पटवून देणार? एका बाजूला गर्दीनं फाशी मिळवली असं लोक म्हणतात, दुसऱ्या बाजूला गर्दीनं फाशी टाळली असं म्हणतात. दोन्हीकडं नुकसान कोर्टाच्या शब्दाचं झालं. १९७१ मध्ये ज्यांची घरंदारं गेली त्यांना एक असा निकाल हवा होता ज्याच्याकडं कुणी बोट दाखवू शकणार नाही, तो त्यांना मिळालाच नाही.

इतक्या लांब जायलाही नको. बदलापूरला शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले, मागणी फाशीची. साधारण महिन्याभरानं त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. त्याच्यावरचा आरोप आता कुठल्याच कोर्टात शाबीतही होणार नाही आणि खोटाही ठरणार नाही. लोकांचा संताप शंभर टक्के खरा होता. मला त्या चिमुरड्या मुलींसाठी एक पूर्ण, नीट चाललेला खटला हवा होता.

आता कोल्हापूरचं सांगते, कारण काकांच्या मनात बहुधा तेच असणार. लहान मुलांना पळवून त्यांचा चोरीसाठी वापर करायचा आणि मग त्यांना मारून टाकायचं, या प्रकरणात गावित बहिणींना आपल्या सेशन्स कोर्टानं २००१ मध्ये फाशी सुनावली. मी तेव्हा नवखी ज्युनिअर होते. त्या मुलांच्या बातम्या वाचून मला रात्ररात्र झोप लागत नसे. हायकोर्टानं २००४ मध्ये शिक्षा कायम केली, सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये. राष्ट्रपतींनी दयेचे अर्ज फेटाळले ते २०१४ मध्ये. आणि १८ जानेवारी २०२२ ला मुंबई हायकोर्टानं दोघींची फाशी जन्मठेपेवर आणली. दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला जवळपास आठ वर्षं लागली आणि ती दिरंगाई सरकारी यंत्रणेची होती, हे कारण. फाशीच्या छायेत माणसाला विनाकारण वर्षानुवर्षं ठेवणं हे घटनेच्या कलम २१ चं उल्लंघन आहे, हे सुप्रीम कोर्टानं शत्रुघ्न चौहान खटल्यात २०१४ मध्ये ठरवलं होतं, त्याला धरून.

तेव्हा आपल्या शहरात खूप चीड होती. बार रूममध्येही होती. "मग त्या लेकरांचं काय?" असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारलं तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण कायद्याचं राज्य म्हणजे काय याचं मला माहीत असलेलं सर्वांत अवघड उदाहरण हेच आहे. तो कायदा आरोपीला जसा बांधतो तसा मंत्रालयातल्या फायलीलाही बांधतो. त्या वर्षी जर कुणी चौकात उभं राहून "या फायली इतकी वर्षं कुणाच्या टेबलावर होत्या ते सांगा" असं विचारलं असतं, तर ती निदर्शनं मला फाशीच्या बाजूची किंवा विरोधातली न वाटता कायद्याच्या बाजूची वाटली असती. कुणी विचारलं नाही.

फाशी नको म्हणणाऱ्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा म्हणजे निकालात चूक होण्याची शक्यता. माणूस एकदा लटकवला की चूक दुरुस्त होत नाही. हा पुस्तकी मुद्दा नाही, आपल्याच राज्यातले दाखले आहेत. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये दरोडा, खून आणि बलात्काराचं एक भीषण प्रकरण झालं. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. सेशन्स कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टानं तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि त्याच सुप्रीम कोर्टानं ५ मार्च २०१९ ला आपला निकाल मागं घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं, सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हेही मध्यंतरी निष्पन्न झालं होतं. देशाच्या सर्वोच्च कोर्टानं फाशीवर शिक्कामोर्तब केल्यानंतर दहा वर्षांनी ही सुटका झाली. ते सहा जण मधल्या काळात फासावर गेले असते तर?

दुसरा दाखला पुण्याचा. १९९४ मध्ये एकाच घरातल्या बायका-मुलांचं हत्याकांड झालं होतं. फाशी सर्व कोर्टांत कायम झाली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की त्यातला एक आरोपी घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता. राजस्थानातल्या एका गावच्या शाळेतल्या नोंदीवरून ते सिद्ध झालं. तोवर त्यानं २८ वर्षं तुरुंगात काढली होती.

इथं मला तुमच्या संघटनांना एक सुचवायचंय, आणि हे मी प्रत्येक अशा गटाला सांगते. शिक्षा झालेल्या माणसासाठी खरंच काही करायचं असेल तर आधी त्याच्या गावी जा. शाळा सोडल्याचा दाखला काढा. लहानपणी डोक्याला मार लागला होता का, दवाखान्याचे कागद आहेत का, ऊसतोडीला आईबापाबरोबर फिरताना शाळा कितवीत सुटली, तुरुंगात त्याची वागणूक कशी आहे, हे गोळा करा आणि वकिलाच्या हाती द्या. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात सांगितलं की फाशी ठरवण्याआधी आरोपीची ही सगळी पार्श्वभूमी, मानसिक अवस्था आणि तुरुंगातलं वर्तन कोर्टासमोर यायलाच हवं. प्रत्यक्षात मोफत कायदा साहाय्यातून नेमलेल्या वकिलाला शिक्षेवरच्या युक्तिवादासाठी कधी कधी एक दिवस मिळतो. मी स्वतः एकदा दुपारी दोषी ठरलेल्या माणसाच्या शिक्षेवर दुसऱ्या दिवशी अकराला बोलले आहे, हातात रेशनकार्डाच्या झेरॉक्सशिवाय काही नसताना. त्या दिवशी गेटबाहेर शंभर माणसं माझ्या बाजूनं उभी असती तरी मला त्यांचा उपयोग शून्य होता. एक दाखला असता तर होता.

तुमचे काका कदाचित म्हणतील की फाशीला विरोध हे परदेशी खूळ आहे. तुम्ही ज्या चौकात उभ्या राहणार आहात तिथं डॉ. आंबेडकर आणि महात्मा फुले यांचे पुतळे आहेत. बाबासाहेब हयात असतानाच, डिसेंबर १९५० मध्ये, ते बसवले गेले. त्याच बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं की फाशीच्या प्रकरणातल्या अपिलांची तरतूद वाढवत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील. अहिंसेवर विश्वास सांगणाऱ्या या देशानं ती रद्द करणं योग्य ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि फाशीविरुद्धचा जनक्षोभ आपल्याला काही नवा नाही. १२ जानेवारी १९३१ ला, इंग्रजांच्या राज्यात, सोलापूरचे चौघे स्वातंत्र्यसैनिक, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, येरवड्यात फासावर गेले. सोलापुरात आजही त्यांच्या नावानं चौक आहे. अर्थात तेव्हाचं राज्य आपलं नव्हतं, कायदा आपण केलेला नव्हता. आज मत आपलं आहे, आमदार आपला आहे, अपिलाचा रस्ता आहे. त्यामुळं आज दगड उचलायला कुठलीच सबब उरत नाही, हा काकांचा मुद्दा मी इथं पूर्ण मान्य करते.

वकिलांनीही कायद्याची चौकट नेहमी पाळलेली नाही, हे कबूल करायला हवं. कोल्हापुरात हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या आम्ही वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, कामकाजावर बहिष्कार टाकले. वकिलांना संपाचा अधिकार नाही असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगितलेलं असताना. मीही त्यात होते. मागणी रास्त होती. पण त्या काळात माझ्या एका अशिलाच्या जामिनाची तारीख पुढं गेली आणि तो माणूस कळंबा जेलमध्ये तेवढे दिवस जास्त राहिला. त्याच्या बायकोला मी काय सांगणार होते? तेव्हापासून कुठल्याही आंदोलनाची किंमत कोण भरतंय हे मी आधी बघते.

तुमच्या निदर्शनांची किंमत कोण भरेल? मेलेल्या माणसाच्या घरचे. हे मी मूळ फिर्यादीच्या बाजूनं काम करताना शिकले. मुलगी गेलेली एक आई मला म्हणाली होती, "त्याच्यासाठी मेणबत्त्या लावणारे माझ्या दारावरनं गेले, ताई. एकानंही आत येऊन पाणी मागितलं नाही." फाशीला विरोध करायचा तर त्या घराच्या गल्लीतून जायचं नाही, शिक्षा झालेल्या माणसाचा फोटो हार घातल्यासारखा मिरवायचा नाही. लैंगिक गुन्ह्याचं प्रकरण असेल तर पीडितेचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

फलकावर काय लिहायचं, यावर कोर्टाचा अवमान होतो की नाही ते बरंचसं अवलंबून आहे. न्यायालय अवमान कायदा १९७१ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणावर वाजवी टीका हा अवमान नाही. पण मघाशी सांगितलं ते लक्षात घ्या. हायकोर्टाची मंजुरी बाकी असेल तर प्रकरण अजून निकाली निघालेलं नाही, ते चालू आहे. म्हणून या टप्प्यावर पुराव्यावर बोलू नका. "साक्षीदार खोटे आहेत", "तपास बनावट आहे" हे वकिलानं अपिलात म्हणायचं. "मृत्युदंड रद्द करा", "फाशीऐवजी जन्मठेप" हे तुम्ही खुशाल म्हणा. न्यायाधीशाचं नाव, जात, फोटो फलकावर दिसला, किंवा विकला गेला असा शब्द दिसला, तर तिथून लगेच बाहेर पडा. सुप्रीम कोर्टापर्यंत सगळं होऊन फक्त दयेचा अर्ज उरला असेल तर तुम्हाला बोलायला मोकळीक पुष्कळ जास्त आहे, कारण आता तुम्ही सरकारशी बोलताय.

आता गुन्ह्याची धास्ती. शांतपणे, शस्त्राशिवाय जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ नं दिलेला आहे, पण त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. आपल्याकडं नेहमीचा निर्बंध म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७. जिल्ह्यात सण, निवडणूक, तणाव असं काही निमित्त असलं की हा मनाई आदेश निघतो. तो मोडला की कलम १३५ खाली गुन्हा. निदर्शनात भाग घेतलेल्या मुलांवर मी सर्वांत जास्त वेळा हेच कलम लागलेलं पाहिलं आहे. म्हणून आयोजकांना तीन गोष्टी विचारा. पोलीस ठाण्याला लेखी अर्ज दिलाय का आणि त्याची पोच आहे का. त्या दिवशी मनाई आदेश लागू आहे का. लाऊडस्पीकरची वेगळी परवानगी घेतली आहे का. पोच दाखवायला टाळाटाळ झाली तर घरी राहा. पोलिसांनी उठायला सांगितलं तर उठा. वाद तिथं घालू नका, नंतर आम्ही घालतो.

एवढी काळजी घेऊनही गुन्हा दाखल झालाच तर एमपीएससीचं दार बंद होत नाही. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर गुन्ह्याबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. नुकसान बहुधा गुन्ह्यानं होत नाही, तो लपवण्यानं होतं. अवतारसिंग प्रकरणात २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं याबद्दल सविस्तर नियम घालून दिले आणि किरकोळ गोष्टीचं उदाहरण देताना तरुण वयात घोषणा दिल्याचंच उदाहरण दिलं. अशी गोष्ट लपवली गेली तरी नेमणूक करणारं खातं ती माफ करू शकतं, असं त्यात आहे. माफ करू शकतं, करेलच असं नाही. पोलीस खात्याची भरती असेल तर छाननी अधिक कडक असते. म्हणून तुमचं लक्ष्य पीएसआयचं असेल तर माझा सल्ला थोडा जास्त सावध राहील: निवेदनावर सही करा, लेख लिहा, कागद गोळा करायला गावी जा, आणि मनाई आदेश लागू असेल त्या दिवशी चौकात उभ्या राहू नका.

जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तयार झाला की इथं टाका, मी वाचून देईन. त्यात ज्याचा जीव गेला त्याच्याबद्दल पहिल्या परिच्छेदात काय लिहिलंय ते आधी बघेन, कायद्याची कलमं नंतर.